धुळीत गाड्या अन् माळावर तंबू : दरवर्षीचा रायडर मेळा असतो तरी कसा? गावात भरवायचा तर काय काळजी घ्यायची?

औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर) : दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की मोटारसायकलवाल्या पोरांच्या गप्पांत एकच विषय असतो, यंदा गोव्याला कोण कोण चाललंय? जिल्हा परिषदेच्या कामासाठी किंवा कॉलेजसाठी कन्नड, खुलताबाद, फुलंब्रीकडून औरंगपुऱ्यात येणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्येही हेच व्हिडिओ फिरत असतात. धुरळ्यात उड्या मारणाऱ्या गाड्या, चिखलाने माखलेले रायडर, रात्री शेकोटी आणि मागे तंबूंची रांग.

व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो. त्यामागचा मेळा मात्र दोन-तीन दिवसांचा असतो, आणि त्याला शिस्त असते. ती शिस्त व्हिडिओत दिसत नाही. मग गावाकडं तोच प्रयोग घरच्या गाडीवर, हेल्मेटशिवाय, भर डांबरी रस्त्यावर होतो आणि वाईट बातमी येते. म्हणून हे मेळे नेमके काय असतात, लोक त्यांच्या आठवणी वर्षानुवर्षं का काढतात आणि आपल्या भागात असं काही करायचं तर कायदा काय सांगतो, हे समजून घेऊ.

डर्ट बाईक म्हणजे काय?

डर्ट बाईक म्हणजे फक्त मातीत, चिखलात, दगडगोट्यांत चालवण्यासाठी बनवलेली मोटारसायकल. तिला हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतो, आरसे नसतात. टायरला मोठे-मोठे गुटके असतात, म्हणजे ते ट्रॅक्टरच्या टायरसारखे माती धरतात. पुढचे-मागचे शॉकअप लांब असतात. घरच्या साध्या गाडीचं पुढचं शॉकअप साधारण १२५ ते १३५ मिलिमीटर दबतं, तर शर्यतीच्या डर्ट बाईकचं ३०० मिलिमीटरच्या आसपास. उंच उडी मारून खाली आल्यावर रायडरच्या कमरेला दणका बसत नाही, तो यामुळं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४५० सीसीच्या शर्यतीच्या डर्ट बाईकचं वजन ११० किलोच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या १०० सीसीच्या गाडीएवढंच. ताकद मात्र सहा-सात पट. त्यामुळं "आपण रोज गाडी चालवतो, हीपण चालवू" असं म्हणून बसणारा पहिल्याच झटक्याला मागं पडतो. ही गाडी बसून कमी आणि पायावर उभं राहून जास्त चालवतात. गुडघे वाकवायचे, कोपरं बाहेर काढायची, नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब ठेवायची. हे शिकावंच लागतं.

रस्त्यावरही आणि मातीतही चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा प्रकार आहे. २०१६ मध्ये आलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये आलेली हिरोची एक्सपल्स २०० या त्यातल्या. यांना नंबर प्लेट मिळते. गावाकडच्या बहुतेक हौशी रायडरची सुरुवात अशाच गाडीवर होते.

हा नाद आला कुठून?

मातीतली मोटारसायकल शर्यत शंभर वर्षांची झाली आहे. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या कॅम्बर्ली इथं माळरानावर आणि टेकड्यांवर अशी शर्यत झाली आणि तिथून या खेळाची सुरुवात मानली जाते. पुढं फ्रान्समध्ये त्याला 'मोटोक्रॉस' हे नाव मिळालं.

तंबू ठोकून मुक्काम करायच्या मेळ्याचं सगळ्यात कडक उदाहरण जर्मनीत आहे. तिथं १९५६ पासून 'एलेफांटेनट्रेफेन', म्हणजे 'हत्तींचा मेळा' भरतो. हत्तीचा तिथं काही संबंध नाही. साइडकार असलेल्या एका दणकट हिरव्या मोटारसायकलला लोक 'हिरवा हत्ती' म्हणायचे, तिच्या चालकांनी एकत्र यायचं ठरवलं. हा मेळा भर हिवाळ्यात, बर्फात होतो. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगल भागात भरतो. रायडर बर्फ बाजूला सारतात, खाली पेंढा अंथरतात, त्यावर तंबू लावतात आणि शेकोटीभोवती रात्र काढतात. आपल्याकडं खळ्यावर राखणीला जाणारा माणूस कडबा अंथरून झोपायचा, तसंच.

आपल्या मराठवाड्यालाही मुक्कामाच्या मेळ्याचं नवल नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोड्यांचे व्यापारी जनावरांजवळच राहुट्या टाकून राहतात. शंकरपटाला आलेले गाडीवानही आदल्या रात्री बैलांजवळच झोपतात. नादापायी लांबून यायचं, उघड्यावर राहायचं, एकमेकांची जनावरं किंवा गाड्या न्याहाळायच्या आणि पुढच्या वर्षीचा शब्द देऊन निघायचं. घोड्याच्या जागी इंजिन आलं, एवढाच फरक.

आरएक्स १०० ची पिढी

आज चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या रायडरला विचारा, त्याची पहिली आठवण महागड्या डर्ट बाईकची नसते. ती राजदूतची असते, येझदीची असते आणि सगळ्यात जास्त यामाहा आरएक्स १०० ची असते. १९८५ मध्ये आलेली ही टू-स्ट्रोक गाडी १९९६ मध्ये बंद झाली, पण तिचा आवाज अजून लोकांच्या कानात आहे. हलकी गाडी, उचल जबरदस्त, आणि बिघडली तर गावातला मिस्त्रीही दुरुस्त करणार. म्हणून हौशी पोरं हीच गाडी मातीत घालायची. मडगार्ड काढायचं, टायर बदलायचे, हँडल रुंद टाकायचं की झाली डर्ट बाईक.

आपल्या जिल्ह्याचं तर मोटारसायकलशी पोटापाण्याचं नातं आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं शेती सोडून किंवा शेती सांभाळून शिफ्टला जाऊ लागली. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांच्या घरी पुढं एम-८० आली. दुधाचे कॅन, चाऱ्याची पेंढी, बी-बियाणं सगळं तिच्यावरच. कच्च्या रस्त्यानं, पांदणीच्या चिखलातून लोड घेऊन गाडी काढणारा शेतकरी खरं म्हणजे रोजच डर्ट रायडिंग करत होता. त्याला कुणी बक्षीस दिलं नाही, एवढंच.

गोव्याच्या मेळ्यात काय चालतं?

महाराष्ट्रातल्या रायडरसाठी वर्षाची सगळ्यात मोठी वारी गोव्याची. रॉयल एनफिल्डचा 'रायडर मेनिया' हा मेळा नोव्हेंबरमध्ये वागातोरला भरत आला. २०२३ पासून त्याचं नाव 'मोटोव्हर्स' झालं. त्या वर्षी तो २४ ते २६ नोव्हेंबरला झाला. २०१३ मध्ये वागातोरलाच 'इंडिया बाईक वीक' सुरू झाला, तिथं सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात.

या मेळ्यांत मातीचा ट्रॅक असतो, टेकडी चढायची स्पर्धा असते, जुन्या आणि हातानं बदल केलेल्या गाड्यांचं प्रदर्शन असतं, संध्याकाळी गाणी असतात. रायडर मंडळींत एक गमतीची स्पर्धा फार आवडीची आहे, ती म्हणजे सगळ्यात हळू गाडी चालवायची. पाय टेकला की बाद. जो शेवटी पोचतो तो जिंकतो. वेगाचा माज असणारे इथं पहिल्या दहा फुटांतच बाद होतात, आणि रोज बाजाराच्या गर्दीतून गाडी काढणारा एखादा शांत माणूस पुढं जातो.

संभाजीनगरहून गोवा साधारण सातशे किलोमीटर. अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर आणि मग आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे खाली. बरेच जण म्हणतात की मेळ्यापेक्षा हा रस्ताच जास्त लक्षात राहतो. कुणाची चेन तुटते, कुणाचं टायर बसतं, कुणाला पाठदुखी. सगळा ग्रुप थांबतो. अनोळखी ग्रुपचा माणूसही गाडी बाजूला लावून विचारतो, "काय झालं, पाना हवाय का?" त्या पान्यातून झालेली दोस्ती पुढं लग्नकार्यापर्यंत जाते.

लोकांना आठवतं काय? वेग नाही, मुक्काम

जुने रायडर आठवणी काढायला बसले की एक गोष्ट लगेच कळते. कोण पहिला आला, हे कुणालाच नीट आठवत नाही. आठवतं ते वेगळंच. रात्री वाऱ्यानं तंबू उडाला आणि चौघं एका तंबूत आडवे झाले. पहाटे दव पडून सीट ओली झाली, किक मारून मारून घाम फुटला तेव्हा गाडी सुरू झाली. तीन दगडांच्या चुलीवर पिठलं केलं, त्यात मिठाऐवजी भलतंच काही पडलं तरी सगळ्यांनी खाल्लं. दिवसभर एकमेकांना हरवायला निघालेले दोघं रात्री टॉर्चच्या उजेडात एकाच गाडीचा कार्ब्युरेटर खोलून बसले.

आणि पडण्याच्या आठवणी तर हसून सांगितल्या जातात. चिखलात तोंडावर पडलो, गाडी वर, मी खाली. पण अशी आठवण हसून सांगता येते, याचं कारण त्या दिवशी अंगावर हेल्मेट, गुडघ्याचे आणि छातीचे गार्ड, बूट होते. ट्रॅकवर समोरून येणारी गाडी नव्हती, कडेला मदतीची माणसं होती. हाच प्रकार गावाबाहेरच्या पुलावर झाला असता तर आठवण सांगायला माणूस राहिला नसता. मेळा आणि रस्त्यावरचा स्टंट यांच्यात फरक आहे तो एवढा.

खेळ म्हणून पुढं जाता येतं का?

येतं. कर्नाटकचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये जगातली सगळ्यात अवघड मानली जाणारी डकार रॅली पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. केरळचे हरिथ नोआ यांनी २०२४ च्या डकारमध्ये 'रॅली २' या गटात पहिला क्रमांक मिळवला. मुलीही मागं नाहीत. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ मध्ये महिलांचा बाजा विश्वचषक जिंकला.

आपल्या राज्यातही २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली. सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये ट्रकनं माती आणून, उंचवटे बांधून घेतलेली शर्यत. अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर देशातल्या मोटार क्रीडा महासंघाचं, म्हणजे एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. ते आरटीओच्या लायसन्सपेक्षा वेगळं असतं.

कायदा काय म्हणतो?

इथं बऱ्याच जणांची फसगत होते, म्हणून मुद्दे नीट वाचा.

• शर्यतीची डर्ट बाईक रस्त्यावर चालवता येत नाही. तिला आरसी बुक मिळत नाही, नंबर प्लेट मिळत नाही. ऑनलाइन जाहिरातीत 'सेकंडहँड डर्ट बाईक, कागद नंतर' असं दिसलं तर समजून घ्या की कागद कधीच येणार नाहीत. ती पिकअपमध्ये टाकून ट्रॅकवर न्यायची असते.

• सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

• अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला तर कलम १९९अ लागतं. आई-वडील किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोलीस भरती, ड्रायव्हरची नोकरी असं काही डोक्यात असेल तर याचा विचार घरच्यांनी आधीच करावा.

• गाडीचा विमा शर्यतीला लागू होत नाही. नेहमीच्या पॉलिसीतच लिहिलेलं असतं की संघटित शर्यत, वेगाची चाचणी अशा वापराला संरक्षण नाही. ट्रॅकवर गाडी मोडली तर खर्च खिशातून.

• अभयारण्यात गाडी घालायची नाही. कन्नड आणि चाळीसगावच्या मधलं गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे. पैठणचं नाथसागर जलाशयही पक्षी अभयारण्यात येतं. पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला सपाट काठ बघून गाडी घालायचा मोह होतो, पण टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. चाकाखाली काय गेलं, ते कळतही नाही.

गावात असा मेळा भरवायचा तर

काही गावांतली पोरं म्हणतात, आपल्याकडं माळरान आहे, टेकड्या आहेत, मग आपणच का भरवू नये? भरवता येईल. पण आधी एवढं करा.

जागा. खासगी रान असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, गायरान असेल तर आधी ग्रामपंचायतीकडं जा. पोलीस ठाण्याला अर्ज द्या. शेजारच्या शेतकऱ्याशी बोला, कारण गाडी बांधावरून गेली आणि बांध फुटला तर वर्षभराचं भांडण लागतं.

पाहणी. ट्रॅक ठरवण्याआधी पूर्ण जागा दिवसा पायी फिरा. आपल्याकडं कितीतरी विहिरींना कठडा नसतो. डुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार लांबून दिसत नाही. कपाशी उपटली की पऱ्हाटीचे खुंट राहतात, ते टायरही फाडतात आणि पायही. या तीन गोष्टी दिसल्या तर तिथं ट्रॅक नको. अंधार पडल्यावर गाडी अजिबात नको.

माती. काळ्या रानात पावसानंतर गाडी घालू नका, चिखल चाकात भरून चाकच फिरत नाही आणि रानही दबून खराब होतं. मुरमाड माळ बरा, पण त्यावर सुटी खडी असेल तर पुढचं चाक घसरतं. पाऊस ओसरल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात गरम सायलेन्सर टेकला तरी वणवा पेटू शकतो. पाण्याचा टँकर जवळ असू द्या, तो धूळ दाबायलाही कामी येतो.

माणसं. ट्रॅकवर गाड्या एकाच दिशेनं. वळणावर झेंडा घेऊन माणूस. प्रेक्षक दोरीच्या मागं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कुणीच नाही, कारण घसरलेली गाडी तिकडंच जाते. नवख्यांची फेरी वेगळी, लहान पोरांना फक्त बघायला.

औषधपाणी. १०८ ची गाडी यायला वेळ लागू शकतो, म्हणून प्रथमोपचार करणारा माणूस आणि एक चारचाकी जागेवरच थांबलेली हवी. पडलेल्या माणसाचं हेल्मेट खसकन ओढू नका, मानेला इजा असेल तर ती वाढते. श्वास चालू असेल तर त्याला न हलवता धीर द्या आणि मदत बोलवा.

मुक्काम. तंबू नाल्यात किंवा वाळलेल्या ओढ्यात लावू नका. घोणस, मण्यार बघता तंबूची चेन बंद ठेवा आणि सकाळी बूट झटकूनच पाय घाला. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपू नका, त्या धुरानं झोपेतच जीव जातो. आणि दारू पिऊन गाडीला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच मिनिटाला सगळ्यांसमोर सांगा.

यात खर्च आहे आणि डोकेदुखीही आहे. पण गावातल्या महिला बचत गटाला दोन दिवस जेवणाचं काम मिळतं, गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक मिळतं आणि हायवेवर एका चाकावर गाडी पळवणाऱ्या पोराला कुठं थांबायचं, कसं पडायचं, कुणाला हात द्यायचा हे शिकवणारी जागा मिळते. "गाडी चालवू नको" असं शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते झेंडा हातात देऊन वळणावर उभं केलं की होतं.

ज्यांना एवढं सगळं जमणार नाही, त्यांनी हळू गाडी चालवायच्या स्पर्धेपासून सुरुवात करावी. शाळेचं मैदान, चुन्याच्या दोन रेघा आणि हेल्मेट. जत्रेच्या दिवशी लावली तर बाया-माणसंही बघायला येतील.